‘वसंत कौन?’ : करामातल्या एका टायपिंग सेंटरविषयी

दुकानाचं नाव लिहीत नाही. पाटीवर ते अरबीत एक आणि इंग्रजीत भलतंच आहे, आणि तसंही त्या नावाने कुणी ओळखत नाही. सगळे ‘इक्काचं टायपिंग’ म्हणतात. इक्का म्हणजे दुकानाचा मालक; मल्याळी मुसलमानांत मोठ्या भावाला अशी हाक मारतात. दुबईत, करामाच्या मागच्या गल्लीत. डावीकडे शिंपी, उजवीकडे मंगळुरी खानावळ, आणि मधे चार माणसं उभी राहिली की पाचव्याला बाहेर थांबावं लागेल एवढी जागा. बुर्जुमान मेट्रोवरून दहा-बारा मिनिटं चालायचं. ऑगस्टमध्ये मात्र चालू नका, टॅक्सी करा. मी एकदा चालले होते, आणि पोहोचल्यावर इक्काने पासपोर्ट मागायच्या आधी पाण्याची बाटली पुढे केली होती.

भारतातून वाचणाऱ्यांना प्रश्न पडेल की टायपिंगच्या दुकानाबद्दल लिहिण्यासारखं काय असतं. कुडाळ, सावंतवाडीला तहसील कचेरीच्या बाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारे बसायचे ना, अगदी तेच. फक्त इथे एसी आहे आणि अर्ज अरबीत आहेत. मजा म्हणजे इथल्या कामगार खात्याच्या सेवाकेंद्रांना ‘तस्हील’ म्हणतात. मी नवीन आले तेव्हा मला वाटलं, अरे, तहसील इथेही! मग इक्काने सांगितलं, तस्हील म्हणजे सोपं करून देणं. आपलं तहसील म्हणजे वसुली. शब्द दोन्ही अरबीच, पण आपल्याकडे आला तो दुसरा.

मी २०१३ साली इथे आले, नवऱ्याच्या व्हिसावर. मुंबई विद्यापीठाची बी.कॉम.ची पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. नोकरी मिळाली तेव्हा पदवीवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई एकच आहे हे सिद्ध करायची वेळ आली. पदवीवर आधी मुंबईत शिक्का, मग दिल्लीचा, मग तिथल्या यूएई दूतावासाचा, आणि इथे आल्यावर परराष्ट्र खात्याचा. आणि हीच वरात विवाह प्रमाणपत्राचीही. माझ्या ऑफिसच्या माणसाने हे दुसरं मला सांगितलंच नाही. पदवीच्या मागच्या बाजूला शिक्के मारून मारून ती लग्नाच्या आल्बमसारखी दिसायला लागली होती, आणि तरी काउंटरवरून परत. तेव्हा कुणीतरी इक्काकडे पाठवलं. त्याने कागद पंख्यासारखे टेबलावर पसरले, पदवीवरच्या नावावर बोट ठेवलं, पासपोर्टवरच्या नावावर बोट ठेवलं, आणि विचारलं, “शादी का पेपर किधर?” अर्धं मिनिट लागलं. माझे दोन महिने गेले होते.

इक्का कोळिकोडचा. पन्नाशीपुढचा, चष्मा कपाळावर. उजव्या हाताने अरबी, डाव्या हाताने फोन. कीबोर्डवरची अक्षरं घासून इतकी गेलीत की तो कुठली भाषा टाइप करतोय हे कीबोर्ड बघून सांगता येणार नाही. हिंदी दुबईची, म्हणजे मल्याळम चालीवर, मधे मधे ‘खलास’ आणि ‘माफी मुश्किल’, म्हणजे काही अडचण नाही. माझ्या पुढे एकदा एक पठाण ड्रायव्हर, एक फिलिपिनो नर्स आणि एक नेपाळी सिक्युरिटीवाला होता. तिघांशी तो तीन वेगळ्या हिंदीत बोलला आणि तिघांनाही कळलं.

आता नावांची गोष्ट सांगते, कारण या दुकानाचं खरं काम तिथे आहे.

आमचं आडनाव पेडणेकर. अरबीत ‘प’ नाही. ‘ड’ नाही. ‘ण’ तर नाहीच. म्हणजे आडनावाची सुरुवातीची तिन्ही अक्षरं सीमेवरच अडवली. माझ्या पहिल्या ओळखपत्रावर, कामगार लोक ज्याला ‘बताका’ म्हणतात त्यावर, मी ‘बेदनीकार’ होते. नवऱ्याचं कार्ड दुसऱ्या कुणी टाइप केलेलं, तो ‘बिदनेकर’. एकाच घरात दोन आडनावं. शाळेच्या प्रवेशाला, बँकेत, घरभाड्याच्या कराराच्या नोंदणीला, म्हणजे इथे जिला इजारी म्हणतात त्या वेळी, कुणीतरी अरबी वाचणारा मान वर करून विचारणार, “हे तुमचे पती?” इंग्रजी स्पेलिंग दोघांचं सारखं असल्यामुळे काम अडायचं नाही, पण दरवेळी खुलासा आलाच. इक्काने पुढच्या नूतनीकरणाला स्वतःहून दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि मला म्हणाला, “एक रखेंगे. कौनसा चाहिए?” आयुष्यात आडनाव निवडायची संधी मला ही एकदाच मिळाली. मी बेदनीकार घेतलं, ऐकायला इराणी शायरासारखं वाटतं म्हणून.

मुलगी २०१९ मध्ये झाली, ओवी. इथे जन्मलेल्या बाळाचा व्हिसा १२० दिवसांत व्हायला हवा, आणि त्याआधी भारतीय पासपोर्ट, आणि पासपोर्टसाठी दीड महिन्याच्या बाळाचा डोळे उघडे असलेला फोटो. फोटोचं इक्काकडे होत नाही, पण तो फोटो काढून देणाऱ्याकडे पाठवतो, आणि पाठवताना सांगतो की बाळाला उपाशी आणू नका आणि पोटभर दूध पाजूनही आणू नका, दोन्हीच्या मधे आणा. ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल. तर ओवी. अरबीत ‘व्ह’चा उच्चारही नाही, तिथे ‘फ’ लावतात. इक्का थांबला. बटण दाबलं नाही. “मॅडम, ओफी आएगा. चलेगा?” चालवून घेण्यावाचून इलाज नव्हता. पण ते ‘चलेगा?’ विचारलं, याचे मी तेव्हाच पूर्ण तारे दिले असते. आजही तिच्या कार्डावर ७८४ ने सुरू होणारा पंधरा आकडी नंबर आहे, पुढे २०१९, आणि अरबीत ओफी. नवरा चिडवायचं असलं की तिला कॉफी म्हणतो.

आणि आता मुख्य प्रकरण, ज्यासाठी हे लिहायला बसले.

मागच्या हिवाळ्यात सासूबाईंना साठ दिवसांसाठी आणायचं ठरलं. आमच्या घरात ‘सगळं अ‍ॅपवर होतं’ या पक्षाचा नेता म्हणजे नवरा. आणि खरं सांगायचं तर त्याचं चूक नाही. इथे पार्किंग, वीजबिल, गाडीचं लायसन्स, सगळं फोनवर होतं, तेही पाच मिनिटांत. आपल्याकडच्या रांगा आठवल्या की इथे तक्रार करायला लाज वाटते. पण अ‍ॅपचा एक स्वभाव आहे. काम झालं तर पाच मिनिटांत होतं, आणि नाही झालं तर का नाही झालं हे पाच आठवड्यांतही कळत नाही. नवऱ्याने रात्री बसून आईंचा अर्ज भरला. तीन दिवसांनी परत आला. कारण एका ओळीत: माहिती जुळत नाही. कुठली, कशाशी, काही नाही. त्याने फोटो बदलून पाठवला. परत. स्कॅन नव्याने करून पाठवलं. परत. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. बाई फार गोड बोलली आणि म्हणाली, सर, माहिती जुळत नाहीये.

तोवर तिकीट काढलेलं. कुडाळला बॅग भरायला सुरुवात. रोज संध्याकाळी आईंचा फोन. म्हणजे बोटिमवर, कारण इथे व्हॉट्सअ‍ॅपवरून मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. बारा वर्षं झाली, अजून घरच्यांना हे पटत नाही. आई त्या अ‍ॅपला ‘बोटी’ म्हणतात. “बोटीर ये गो,” असा निरोप आला की समजायचं, व्हिसाची चौकशी आहे.

शेवटी शनिवारी मी नवऱ्याला न सांगता इक्काकडे गेले. अर्जाची प्रत दिली. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, वरपासून वाचत आला आणि मधेच बोट थांबलं.

“वसंत कौन?”

मी म्हटलं, सासरे.

“आंटी का हस्बंड. तो फिर आंटी का बाप का नाम भी वसंत?”

झालं असं होतं. आईंचा पासपोर्ट आपल्या पद्धतीचा: सुमती वसंत पेडणेकर. नवऱ्याने स्वतःचा जुना अर्ज समोर ठेवून भरताना वडिलांच्या रकान्यात वसंत लिहिलं. त्याचे वडील वसंतच. हात सवयीने चालला. आणि बघणाऱ्याला ते दिसायलाही बरोबरच दिसतं, कारण अरबांची नावं अशीच असतात, आपलं नाव, मग बापाचं नाव. तिथली बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. तिच्या नावामागे जन्मभर बापच असतो, नवरा कधीच नसतो. म्हणून मराठी बाईचं मधलं नाव हा या देशात कायमचा घोटाळा आहे. इक्का म्हणाला, गुजराती आणि मराठी बायकांचे कागद आले की तो आधी हाच प्रश्न विचारतो.

“लास्ट पेज दो.”

पासपोर्टचं शेवटचं पान. आपण कधी बघत नाही ते. पहिल्या पानावरचा फोटो नीट आलाय का एवढं बघायचं. शेवटच्या पानावर छापलेलं असतं, वडिलांचं नाव, आईचं नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता. माझ्याकडे स्कॅन फक्त पहिल्या पानाचं. तिथूनच आईंना बोटी लावली, पासपोर्ट काढायला सांगितला. त्या चष्मा शोधायला गेल्या, दुकानातले चार जण माझ्या फोनमध्ये कुडाळच्या घराची तुळई बघत थांबलेले. परत आल्यावर म्हणाल्या, “तेका माझ्या बापाशीचा नाव कित्याक होया?” मी सांगितलं, अर्जात लागतं. मग त्यांनी पान न बघताच सांगितलं. आत्माराम. आणि आईचं? रखमा, म्हणाल्या, आणि मग पान बघून, पण इथे रुक्मिणी लिवलाहा. पुढे जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. इक्का टाइप करत होता. आईंच्या आईचं नाव मीही लग्नाला चौदा वर्षं होऊन त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, करामातल्या झेरॉक्स मशीनच्या शेजारी उभं राहून.

इक्काने अर्ज नव्याने भरला, अर्थात सरकारी फी निराळी आणि टायपिंगचे पन्नास दिरहम निराळे. मग बटण दाबायच्या आधी दोन प्रश्न विचारले.

एक: “आंटी दवाई लेता?” घेतात, बीपीची आणि गुडघ्याची. गुडघ्याच्या गोळीचं नाव विचारलं, पाकिटाचा फोटो मागवला, बघितला, म्हणाला, यह चलेगा, डॉक्टर का पर्ची साथ में. इथे काही वेदनाशामकं आणि खोकल्याची काही औषधं नियंत्रित यादीत आहेत. आपल्याकडे मेडिकलवाला सहज देतो ती इथे विमानतळावर अंगाशी येऊ शकतात.

दोन: “मसाला लाएगा? खसखस नहीं.”

हा प्रश्न मला नवीन नव्हता, पण आईंना होता. खसखस इथे बंदी असलेला पदार्थ आहे. थोडी, घरगुती, कुरकुरीत अनारशाला लावलेली, असलं काही ऐकून घेत नाहीत. अफूच्या झाडाचं बी ते अफूच्या झाडाचंच बी. मला अनारसे आठवले होते, पण मालवणी मसाला डोक्यात आलाच नव्हता. त्यात खसखस भाजून दळलेली असते, आणि दळल्यावर ती आहे की नाही हे आईंशिवाय कुणाला सांगता येणार? आणि आईंनी दोन किलो आधीच दळून, डबा बांधून, वर ‘दुबई’ लिहून ठेवलेला. फोनवर केवढा तरी वेळ शांतता. मग एवढंच म्हणाल्या, “मगे तो काय मसालो!” तो डबा शेजारच्या घरी गेला आणि खसखस वगळून दुसरा दळला. तो इथे आला, मी त्यात सुरमई केली. फरक कळतो. पण जेवलो आम्ही घरात बसून, विमानतळावरच्या खोलीत नाही.

व्हिसा चौथ्या दिवशी आला.

आता तक्रारी. आहेत, आणि लहान नाहीत.

आलेल्या व्हिसावर पासपोर्ट नंबरात ८ च्या जागी ६. हे इक्काने नाही, त्याच्या नवीन पोराने टाइप केलं, पण दुकान त्याचं. मला रात्री साडेअकराला दिसलं, तेही कारण मी अकाउंट्समध्ये आहे आणि आकडे जुळवल्याशिवाय मला झोप येत नाही. दुरुस्तीला दोन दिवस गेले. फीचे पैसे इक्काने स्वतःच्या खिशातून भरले, मागायची वेळ आणली नाही. पण दोन दिवस आणि माझी एक अर्धी रजा कोण भरून देणार? आणि समजा बघितलंच नसतं तर? गुडघे धरून काउंटरवर उभ्या असलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला विमान कंपनीने काय सांगितलं असतं? म्हणून सांगते, इथून बाहेर पडायच्या आधी उंबऱ्यावर उभं राहून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचा. मागचा माणूस वैतागला तरी वाचा.

टोकन पद्धत नाही. रांग आहे असं सगळे मानतात, पण ओळखीचा आला की तो बाजूने आत जातो. मीही आता ओळखीची आहे त्यामुळे मला हे फार बोलता येत नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाला शटर अर्धं खाली असतं, आणि परत कधी वर जाईल हे खानावळवाल्याला विचारावं लागतं. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगवेगळं लिहून मागा, देतो, पण मागावं लागतं. शेजारच्या दोन-तीन गल्ल्यांत स्वस्तात करून देणारे आहेत. त्यातल्या एकाकडे मी २०१६ मध्ये गेले होते, वीस दिरहम वाचवायला. त्याने प्रश्न एकही विचारला नाही. नवऱ्याचा ‘बिदनेकर’ त्याचाच.

आणखी एक, हे नवीन आलेल्यांसाठी. रहिवासी व्हिसाची बरीच कामं आता ‘आमेर’ नावाच्या सेवाकेंद्रांतून होतात. तिथे टोकन आहे, सोफे आहेत, कॉफी आहे आणि काम चोख आहे. साधा सरळ कागद असेल, नावात घोळ नसेल, तर थेट तिथे जा किंवा अ‍ॅपवर करा, इक्काला पन्नास दिरहम द्यायची गरज नाही, आणि तो स्वतःही तसंच सांगून परत पाठवतो. मला दोनदा पाठवलंय. पण कागदांत माहेर-सासर असेल, जन्मतारीख शाळेत एक आणि ग्रामपंचायतीत एक असेल, ‘य’ चा वाय कुठे आणि आय कुठे असेल, तर आधी इथे या. कार्डाची मुदत संपून महिना उलटला की दिवसाला वीस दिरहम दंड बसतो, आणि व्हिसा संपल्यावर राहिलात तर दिवसाला पन्नास. माहिती जुळत नाही म्हणणाऱ्या अ‍ॅपसमोर बसून हे मीटर पळू देऊ नका.

आई साठ दिवस राहिल्या. मधे एकदा हट्टाने म्हणाल्या, त्या नाव विचारणाऱ्या माणसाला बघायचंय. घेऊन गेले. सोबत डब्यात नारळाच्या वड्या. इक्काने उठून खुर्ची दिली, जी तो कुणालाच देत नाही, कारण दुकानात एकच आहे. त्याचं मल्याळमी हिंदी आणि यांची मालवणी, मधे मी. पाच मिनिटांत दोघं बांगड्यावर आले. कोळिकोडला बांगड्याला अयला म्हणतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. निघताना आईंनी त्याला व्हिसाचा कागद दाखवून विचारलं, यातलं माझं नाव कुठलं. त्याने पेन उलटं धरून उजवीकडून डावीकडे एकेक शब्दाखाली नेलं. सुमाती. फासांत. बेदनीकार. आईंनी मधल्या शब्दावर बोट ठेवलं आणि तो परत वाचायला लावला.

पाचपैकी चार. एक तारा त्या ६ आणि ८ चा.

जाताना पासपोर्टच्या दोन्ही पानांच्या झेरॉक्स घरून काढून न्या. इक्का एका पानाचे दोन दिरहम घेतो, तो मात्र कुणालाच सोडत नाही, आईंनाही सोडले नाहीत.